‘कोणताही आजार नाही’ असं लिहून आणा

मागच्या ऑक्टोबरमध्ये दिवाळीची साफसफाई चालली होती. भरलेली बादली वाकून उचलली आणि कमरेतून निघालेली कळ डाव्या पायाच्या करंगळीपर्यंत गेली. पुढे एमआरआय, गोळ्या, शेक, फिजिओथेरपी हे सगळ्यांचं होतं तसंच माझंही झालं, त्यावर लिहीत नाही. कमरेच्या तळाशी एल-५ आणि एस-१ या मणक्यांमधली गादी सरकून पायात जाणारी नस दाबली गेली होती, म्हणजे सायटिका. हाडांचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही, बहुतेकांचं सहा ते बारा आठवड्यांत बरंच कमी होतं, पण वजन उतरवा. माझं वजन तेव्हा ८६ किलो, उंची पाच फूट दोन इंच.

वजन उतरवायचं कसं, हा खरा प्रश्न होता. दहा मिनिटं चाललं की पोटरी भरून यायची, थांबावं लागायचं. मी पुण्यात सहकारनगरला राहते, पर्वती आणि तळजाई या दोन्ही टेकड्या हाकेच्या अंतरावर. त्यामुळे जो भेटेल तो म्हणे, पर्वती चढ, नाहीतर घरी रोज बारा सूर्यनमस्कार घाल. सगळे मायेनेच सांगत होते. पण पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढल्यावर उतरायच्याही असतात आणि प्रत्येक पायरीचा हिसका मला कमरेत बसायचा. सूर्यनमस्कारात पुढे वाकणं येतं, ते तर फिजिओथेरपिस्टने सक्त बंद केलं होतं. त्यातच नसेच्या दुखण्यासाठी प्रिगॅबालिन सुरू होतं. त्याने काहींचं वजन वाढतं हे मला फार उशिरा कळलं. दोन महिन्यांत मी ८९ वर गेले. (गोळी मनाने बंद करू नका. मी डॉक्टरांना विचारलं, त्यांनी हळूहळू कमी करत आणली.)

जानेवारीत फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, “काकू, पाण्यात उतरा. पोहू नका, नुसतं चाला.” कमरेइतक्या पाण्यात शरीराचा भार साधारण निम्मा होतो, छातीइतक्या पाण्यात त्याहूनही कमी. म्हणजे मणक्यावर दाब न येता दम लागेपर्यंत चालता येणार होतं. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी जमण्यासारखं दिसत होतं.

आमच्या भागातल्या एका जलतरण तलावावर गेले. फॉर्म मिळण्याची वेळ अकरा ते एक, म्हणजे ऑफिसची अर्धी रजा. फॉर्मच्या मागे डॉक्टरांच्या प्रमाणपत्राचा छापील नमुना होता, “सदर व्यक्तीस कोणताही आजार अथवा शारीरिक व्याधी नसून ती पोहण्यास सक्षम आहे.” खाली सही, शिक्का, नोंदणी क्रमांक.

आमचे फॅमिली डॉक्टर वीस वर्षं मला ओळखतात. त्यांनी कागद वाचून बाजूला ठेवला. “अहो, तुमचा एमआरआय मीच पाहिलाय. आजार नाही असं मी कसं लिहू?” मग त्यांनी पहिली अर्धी ओळ खोडली, वर स्वच्छ अक्षरात लिहिलं, “सायटिकाचा त्रास आहे. पाण्यातील व्यायाम आवश्यक. तलावात उतरण्यास हरकत नाही,” आणि सही-शिक्का दिला.

दुसरी अर्धी रजा. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “मॅडम, खाडाखोड चालत नाही.”

तिसऱ्या वेळी डॉक्टरांच्या लेटरहेडवर वेगळं पत्र नेलं. “आमच्या नमुन्यातच हवं.” सोबत फिजिओथेरपिस्टची चिठ्ठी होती, ती त्यांनी वाचलीसुद्धा नाही. मी विचारलं, आजार आहे म्हणूनच डॉक्टरांनी पाण्यात जायला सांगितलंय, तर आजार नाही असं कोण लिहून देणार? “ते तुम्ही बघा. बसा ना मॅडम, उभ्या का?” बसणं हेच तर मला जमत नव्हतं. पाच मिनिटं बाकावर बसले की पाय बधिर व्हायचा. ते चांगल्या मनाने म्हणाले असतील, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रांगेतल्या एका बाईंनी हळूच सांगितलं की जवळच एक डॉक्टर न तपासता सही देतात. घरी नवराही म्हणाला, “घेऊन टाक ना, कशाला जिवाला त्रास?” मी नाही घेतली. माझा डावा पाय कधीही बधिर होतो. पाण्यात तो गळाला, तर काठावरच्या जीवरक्षकाला हे आधीपासून माहीत असायला हवं. खोटा कागद देऊन मी स्वतःलाच धोक्यात घातलं असतं. त्या नकाराचा मला आजही अभिमान वाटतो.

चौथ्या खेपेला हाडांच्या डॉक्टरांचं पत्र नेलं, तर महिलांची बॅच भरलेली. “आता एक तारखेला या.” एक तारखेला सकाळीच जाऊन मी खिडकीकडे गेलेच नाही, थेट व्यवस्थापकांच्या खोलीबाहेर थांबले. अर्धा तास उभी होते. त्यांनी पत्र शांतपणे वाचलं आणि म्हणाले, “याला हरकत काहीच नाही. एक हमीपत्र लिहून द्या, त्याला हे जोडा.” दोन मिनिटं लागली. पाच चकरा आणि सव्वीस दिवस गेले होते. खिडकीतल्या माणसाला सही करण्याचा अधिकार नव्हता एवढंच, पण पहिल्या दिवशी “साहेबांना भेटा” हे दोन शब्द त्याला सांगता आले असते. तेवढ्यासाठी मी महिनाभर कमी हललेय, राग अजून गेलेला नाही.

म्हणून कुणाला हे करायचं असेल तर पत्र पहिल्यापासून व्यवस्थापकांच्या नावानेच मागा. काय करायला हरकत नाही आणि काय करायचं नाही, दोन्ही त्यात असू दे. दोन झेरॉक्स काढा.

पाण्यातलं पुढचं सोपं गेलं. प्रशिक्षक पहिल्या दिवशी म्हणाले, “काकू, इथे पोहायचं असतं,” पण पत्र दाखवल्यावर त्यांनीच उथळ भागात भिंतीलगतची कड मोकळी करून दिली. सुरुवातीला दहा मिनिटं, मार्च संपता संपता अर्धा तास. ब्रेस्टस्ट्रोक करून पाहिला तर कंबर धरली, सोडून दिला. शिडीवरून भिंतीकडे तोंड करूनच उतरायचं. कळ पायातून वर सरकून कमरेपाशीच राहू लागली तेव्हा मी घाबरले होते. फिजिओथेरपिस्ट म्हणाली, हे चांगलं लक्षण आहे. तसंच झालं.

वजन मात्र एकट्या पाण्याने उतरलं नाही. चार वेळचा साखरेचा चहा दोनवर आणला, ऑफिसमधलं संध्याकाळचं फरसाण बंद केलं, दोन भाकऱ्यांची एक आणि उसळ दुप्पट. काही आठवडे अर्धा किलो उतरे, काही आठवडे काटा हलायचाही नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ७७ भरलं.

आधी सांगायला हवं होतं ते आता आठवतंय. लघवी किंवा शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासं झालं, तर व्यायाम वगैरे सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. आणि स्कूटर. सिंहगड रस्त्यावरच्या एका गतिरोधकाने माझा आठवडाभराचा आराम घालवला होता. तेव्हापासून पीएमपीच्या बसने जाते आणि जमेल तितकं उभी राहते.

जानेवारीत प्रमाणपत्र नव्याने द्यायचं आहे. छापील नमुन्यात “आजार असल्यास त्याचे स्वरूप” अशी एक ओळ घाला, असा अर्ज मी २ सप्टेंबरला तलावावर दिला. माझ्यानंतर गुडघेदुखीच्या दोन बायका त्याच वाक्यामुळे परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत. अर्जाची पोच माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही. सोमवारी पुन्हा विचारायला जाणार आहे, थेट साहेबांच्या खोलीत.