आमची वाटचाल : नंबरापासून इंचापर्यंत

सोलापुरी चादर किंवा टॉवेल विकताना लांबी-रुंदी सांगितली की काम भागते. गणवेशाचे तसे नाही. आमच्या सोलापूरच्या कारखान्यात शाळेचे शर्ट, हाफ पँट, फुल पँट, पिनोफ्रॉक (शर्टावर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक), स्कर्ट, सलवार-कमीज आणि पीटीचे टी-शर्ट शिवले जातात. पुढे त्यात दवाखाने आणि हॉटेलांतल्या कर्मचाऱ्यांच्या कपड्यांची भर पडली. सुरुवातीला सगळी विक्री घाऊक होती. माल दुकानदाराकडे जायचा, दुकानदार मुलाला समोर उभा करून पाठीला शर्ट लावायचा, पँट कंबरेला धरून बघायचा आणि बसेल तो काढून द्यायचा. कॉलरच्या आत शिवलेला नंबर गठ्ठा ओळखण्यापुरताच उपयोगी होता.

ऑनलाइन विक्रीत तो दुकानदार मधून गेला आणि पालकांच्या हाती फक्त नंबर उरला. गणवेशाच्या धंद्यात या नंबराचा अर्थ कपड्यागणिक बदलतो. शर्टाचा नंबर छातीवरून येतो. पँटचा, मग ती हाफ असो की फुल, लांबीवरून. पिनोफ्रॉकचा खांद्यापासून खालच्या दुमडीपर्यंतच्या उंचीवरून. स्कर्टचाही लांबीवरूनच, कंबर इलॅस्टिकवर सोडलेली. हे माहीत नसलेले पालक ३० चा शर्ट आणि ३० ची पँट मागवतात. आमचा ३० नंबरचा शर्ट ज्याला नीट बसतो त्या मुलाची उंची साधारण १४० सेंटिमीटर असते आणि त्याला पँट ३३-३४ लांबीची लागते. ३० ची पँट त्याच्या घोट्याच्या बरीच वर राहते.

त्यातही हा ‘३०’ कशाचा आहे? आमच्या ३० नंबरच्या शर्टाची तयार छाती ३३ इंच भरते आणि तो २७ ते २८ इंच छातीच्या मुलासाठी असतो. म्हणजे ३० हा आकडा ना अंगाचा, ना कपड्याचा. धंद्यात रूढ झालेला मधला आकडा. कारागिरांना त्याची सवय आहे, म्हणून तो आम्ही लेबलवर ठेवला. पण मापाच्या तक्त्यात त्याच्या शेजारी दोन रकाने घातले: ‘अंगाचे माप’ आणि ‘तयार कपड्याचे माप’, दोन्ही इंच व सेंटिमीटरमध्ये. वयाचा रकाना काढून उंचीचा घातला, कारण एकाच वर्गातल्या दोन मुलांत वीतभर उंचीचा फरक सहज असतो. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडही अनेक घरांत बोलली जाते, म्हणून मापाच्या जागा शब्दांपेक्षा चित्रातल्या बाणांनी दाखवतो.

अंग आणि कपडा यांच्या मापांतल्या फरकाला शिलाईत ‘लूज’ म्हणतात. मागावर विणलेल्या, न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला छातीत ४ ते ६ इंच लूज लागतो, नाहीतर हात वर केला की बटणे ताणतात. टी-शर्टाचे होजिअरी कापड स्वतः ताणते, त्याला २-३ इंच पुरतात. पिनोफ्रॉक शर्टावर घालायचा असल्याने आतल्या शर्टाची जागा धरावी लागते. पँटला सीटवर, म्हणजे नितंबांच्या भागात, ३-४ इंच. हे सगळे आम्ही कटिंगच्या मार्क्यातच, म्हणजे कापड कापण्यासाठी आखलेल्या नमुन्यातच, धरलेले असते. तरीही पालक ‘वाढते अंग आहे’ म्हणून टेपखाली दोन बोटे घालतात, वर दोन इंच स्वतःच्या मनाने चढवतात आणि मग एक नंबर मोठाही मागवतात. तीनदा लूज धरलेला शर्ट मुलाच्या कोपरापर्यंत उतरतो आणि तक्रार येते की तुमचे माप चुकले. म्हणून तक्त्याच्या डोक्यावरच लिहिले आहे: अंगाचे आहे तेवढेच माप द्या, काहीही वाढवू नका.

माप घेण्याआधी टेप तपासा, हे सांगायला आम्ही जरा उशिराच लागलो. शिलाईचा टेप एका बाजूला १५० सेंटिमीटर आणि दुसऱ्या बाजूला ६० इंच असा मिळतो. एक इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, त्यामुळे ६० इंच म्हणजे १५२.४ सेंटिमीटर. ज्या टेपवर १५० आणि ६० अगदी एकाच जागी संपतात, त्याची एक बाजू खोटी आहे. चाचणी सोपी: १०० सेंटिमीटरच्या मागे ३९ इंच ३ सूत आले पाहिजेत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). दुसरी चाचणी शाळेच्या स्टीलच्या पट्टीवर, कारण जुना प्लास्टिकचा टेप वापरून वापरून लांबतो आणि लांबलेला टेप माप कमी दाखवतो. काही टेपांत आकडे पत्र्याच्या टोकापासून सुरू होतात, काहींत पत्रा सोडून. शून्य कुठे आहे ते आधी बघून घ्या. घरात टेप नसेल तर न ताणणारी सुतळी गुंडाळून खूण करा आणि ती पट्टीवर मोजा. इलॅस्टिक, लोकर किंवा ओढणीची किनार यांनी माप घेऊ नका.

आता अंगाची मापे. छातीचा टेप काखेखालून, सर्वांत भरलेल्या भागावरून. पाठीमागे तो खाली घसरतो आणि माप बदलते, म्हणून मागून एकदा बघायचेच. मुलाला श्वास रोखून ‘छाती काढायला’ आवडते. त्याला बोलते ठेवा आणि बोलता बोलता आकडा वाचा. कंबरेसाठी एक नाडा सैलसर बांधून मुलाला दोन-चार पावले चालू द्या. नाडा जिथे स्थिरावतो तिथे पँटचा पट्टा बसणार, तेच माप. पोट पुढे असलेल्या लहान मुलांत ही जागा बेंबीच्या खाली येते आणि बेंबीवर घेतलेले माप मोठे निघते. सीट दोन्ही पाय जुळवून, खिशातला रुमाल काढून घ्यायची.

सर्वांत जास्त चुकतो तो खांदा. तो पाठीमागून, एका खांद्याच्या हाडापासून मानेच्या मणक्यावरून दुसऱ्या हाडापर्यंत मोजायचा. समोरून मोजला की कमी भरतो. छाती बरोबर असूनही ‘शर्ट हातात अडकतो’ अशी तक्रार आली तर बहुतेक वेळा गोष्ट खांद्याची किंवा मुंढ्याची (बाही जोडतात त्या जागेची) असते. अशा वेळी नंबर वाढवून उपयोग नाही, कारण छातीही दोन इंच वाढते आणि शर्ट पोत्यासारखा दिसतो. पूर्ण बाही मोजताना कोपर किंचित वाकवा. सरळ हातावर घेतलेली बाही सायकल चालवताना मनगटाच्या वर जाते.

पँटच्या लांबीसाठी मुलाला शाळेचे बूट घालून उभे करा. माप पट्ट्याच्या वरच्या काठापासून बाहेरच्या बाजूने बुटाच्या टाचेच्या वरच्या कडेपर्यंत. मुलगा खाली वाकून बघू लागला की कंबर खाली जाते, टेप सैल पडतो आणि अर्धा-पाऊण इंच हातचा जातो. मोठ्या माणसाने स्वतःची लांबी स्वतः मोजू नये ती याच कारणाने. पिनोफ्रॉकचे माप मानेजवळच्या खांद्याच्या टोकापासून छातीवरून गुडघ्यापर्यंत. शाळेला गुडघ्याच्या वर चालतो की खाली लागतो हे शाळेलाच विचारा, ते आम्हाला इथून ठरवता येत नाही.

खरे सांगायचे तर अंगाच्या मापापेक्षा आमचा भरवसा बसणाऱ्या जुन्या कपड्याच्या मापावर जास्त आहे. चळवळे मूल टेपखाली थांबत नाही, शर्ट थांबतो. घरातला नीट होणारा, धुतलेला आणि इस्त्री केलेला शर्ट टेबलावर सपाट पसरा, सगळी बटणे लावा, मुंढ्याच्या एक इंच खाली एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत मोजा आणि दुप्पट करा. हा आकडा ‘तयार कपड्याचे माप’ या रकान्याशी जुळवायचा, अंगाच्या रकान्याशी नाही. उंची कॉलरलगत खांद्याच्या सर्वांत उंच टोकापासून. पाठीच्या मध्यापासून घेतली तर ती जवळजवळ इंचभर कमी येते. चुरगळलेल्या कापडात अर्धा इंच लपतो. इलॅस्टिकच्या कंबरेची दोन मापे लागतात, एक सैल आणि एक पूर्ण ताणून. अंगाची कंबर या दोन्हींच्या मध्ये, पण सैल मापाच्या बाजूला असावी. ताणलेल्या टोकाला आली तर पोटावर वळ उठतात.

कर्मचाऱ्यांचे कपडे सुरू झाल्यावर मोठ्यांचे नंबर आले आणि त्यांच्याबरोबर ‘मी अमुक ब्रँडमध्ये एम घालतो’ हे उत्तर आले. एम म्हणजे किती, याला ठरलेला आकडा नाही. प्रत्येक ब्रँडचा तक्ता वेगळा. पुरुषांच्या फॉर्मल शर्टावरचा ३९, ४०, ४२ हा बहुधा कॉलरचा सेंटिमीटरमधला आकडा असतो, पण लोक तो छातीचा इंचातला समजतात. कुर्तीवरच्या ३८ मध्ये काही उत्पादक अंगाची छाती धरतात, काही तयार कपड्याची; दोन इंचांचा घोळ तिथेच. जीन्सवर ३२-३४ असे दोन आकडे असले तर दुसरा आतल्या शिवणीचा, जांघेपासून पायापर्यंतचा असतो. आमच्याकडे लांबी बाहेरून, पट्ट्यापासून मोजतात, म्हणून मोठ्या माणसात या दोन लांब्यांत ९ ते ११ इंचांचा फरक पडतो. शिवाय बऱ्याच जीन्सची ३२ लिहिलेली कंबर टेपवर त्याहून जास्त भरते. अमेरिकेत १९५८ मध्ये बायकांच्या कपड्यांसाठी मापांचे एक अधिकृत मानक होते. ते १९८३ मध्ये मागे घेतले गेले आणि तिथेही ज्याचा त्याचा तक्ता झाला.

परदेशातल्या नातेवाइकांसाठी मागवणारे किंवा तिकडचे लेबल वाचून विचारणारे ग्राहक असतात. त्यांच्यासाठी आम्ही कोष्टक पाठ करण्याऐवजी हिशेब देतो. बायकांच्या कपड्यांत छाती सेंटिमीटरमध्ये घ्या आणि अर्धी करा. तोच इटालियन नंबर. त्यातून ४ वजा केले की फ्रेंच, ६ वजा केले की जर्मन. छाती ८८ असेल तर इटालियन ४४, फ्रेंच ४०, जर्मन ३८. ब्रिटिश साधारण १२ आणि अमेरिकन ८. नुसते ‘युरो ३८’ लिहिले असेल तर ते फ्रेंच की जर्मन हे लेबलवरून कळत नाही, म्हणून त्याच लेबलवरचा ब्रिटिश आकडा बघायचा. पुरुषांच्या कोटाला युरोपात छातीच्या सेंटिमीटरचा निम्मा आकडा असतो: १०० सेंटिमीटरला ५०, इंचात ४०. लहान मुलांचे युरोपीय नंबर म्हणजे सरळ उंची, ६ सेंटिमीटरच्या पायऱ्यांनी: ११०, ११६, १२२, १२८. आम्हाला ही पद्धत सर्वांत शहाणी वाटते, आमचा उंचीचा रकाना तिथूनच घेतला. चिनी लेबलवर १६०/८४ए असे दिसले तर उंची १६०, छाती ८४ आणि अक्षर म्हणजे छाती-कंबरेतल्या फरकाचा गट.

आपल्याकडे निफ्ट (राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था) आणि केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाने ‘इंडियासाइज’ हा प्रकल्प हाती घेतला. देशातल्या ६ शहरांत २५,००० हून अधिक लोकांची थ्रीडी स्कॅनरने मापे घेण्याची ती योजना. पण वयोगट १५ ते ६५. आमचे गिऱ्हाईक बहुतेक त्याच्या खालचे, त्यामुळे गणवेशाला तो तक्ता फारसा लागू होणार नाही.

धुतल्यावर कापड आटणे हा आणखी एक भाग. पॉलिस्टर-व्हिस्कोसचे सूटिंग जेमतेम आटते. सुती कापड पहिल्या धुण्यात ३ ते ५ टक्के जाते, आणि सुती होजिअरी लांबीत जास्त: २४ इंच उंचीचा टी-शर्ट ५ टक्के आटला तर इंचाहून थोडा जास्त कमी होतो. म्हणून सुती टी-शर्ट मागवताना धुतलेल्या जुन्या टी-शर्टापेक्षा एक इंच जास्त उंची बघा. शिलाईतही अर्धा इंच इकडेतिकडे होतो. एकावर एक पसरलेल्या कापडाच्या पदरांवर कटिंगची सुरी किंचित कलली की वरच्या आणि खालच्या पदरात फरक पडतो. तेवढा फरक आम्ही चालवून घेतो आणि तक्त्याखाली तसे लिहितोही.

वाढीसाठी किती जागा ठेवायची? शाळकरी मूल वर्षाला साधारण ५-६ सेंटिमीटर वाढते आणि त्यातला निम्म्याच्या आसपास भाग पायांत जातो. पँटला आम्ही आत २ इंच दुमड सोडतो, ती उसवून दोन वर्षे निघतात. रुंदीत अंग सावकाश भरते. दोन नंबरांच्या मध्ये माप आले तर शर्ट वरचा घ्या. पँट लांबीने वरची घ्या आणि कंबर आतल्या इलॅस्टिकच्या बटणांनी आवळा. पिनोफ्रॉक मात्र छातीवर बसेल तोच घ्या, कारण वरचा घेतला की गळा खाली उतरतो आणि तो घरी दुरुस्त होत नाही. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी मार्चमधल्या मापावर जूनची मागणी देऊ नका, मे महिन्यात पुन्हा टेप लावा.

परत आलेल्या मालावर पूर्वी ‘लहान झाला’ किंवा ‘मोठा झाला’ एवढेच कारण यायचे. आता कुठे लहान झाला ते विचारतो: खांद्यात, छातीत, बाहीत की उंचीत. एकाच ठिकाणी वारंवार तक्रार आली तर तो मार्का काढून तपासतो. दोन नंबर मागवून एक परत पाठवणारेही आहेत. गडद पँटला ते चालते, पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर मात्र एकदा घालून बघितल्याचा डाग राहतो आणि तो नवा म्हणून विकता येत नाही. त्यापेक्षा मागणीआधी व्हॉट्सॲपवर टेप लावलेल्या जुन्या शर्टाचा फोटो पाठवा. फोटो वरून सरळ काढा, तिरका नको, आणि टेपचे शून्याचे टोक व वाचायचा आकडा दोन्ही त्यात दिसू द्या.