दहा किलोचा गुळाचा रवा आणि आमची बाबागाडी

गेल्या आठवड्यात आमची बाबागाडी चुलत जावेच्या घरी गेली. तीन वर्षांच्या वर वापरली, पोरगं आता बालवाडीत जातंय. जाऊबाईंनी फोनवर विचारलं की एकच गाडी एवढे दिवस कशी चालवलीत, आमच्या ओळखीत तर सगळ्यांच्या सहा महिन्यात माळ्यावर जातात. अर्धा तास बोलले तरी सांगून संपलं नाही, म्हणून आता सगळं लिहूनच काढतेय.

आधी घराचं सांगते. आम्ही कोल्हापूरला मंगळवार पेठेत राहतो, दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि जिना असा की समोरून कोणी उतरत असलं की एकानं भिंतीला चिकटून उभं राहायचं. दारात एक ॲक्टिव्हा आणि एक सीएनजी कार, जिची डिकी सिलेंडरनंच भरलीय, उरलेल्या जागेत फार तर दोन पिशव्या बसतात. बाबागाडी घेताना सगळे बाळाचं वय विचारतात, तुमच्याकडं पायऱ्या किती आणि डिकी केवढी हे कोणीच विचारत नाही, आणि गाडी माळ्यावर जाते ती बहुतेक वेळा या दोन कारणांनीच.

पहिली गाडी आम्ही घेतलीच नव्हती, नणंदेनं पुण्याहून पाठवलेली. छत्रीसारखी लांबट मिटणारी, उचलायला एकदम हलकी, आणि त्यांच्या मुलीनं ती जेमतेम वर्षभर वापरलेली. २०२२ च्या जूनमध्ये बाळ झालं, मी इचलकरंजीला माहेरी होते, आणि दीड महिन्याच्या डोसाला जाताना मम्मी म्हणाली की टाके अजून ओढतात तुझे, तासभर कशाला हातात धरतीस, गाडी आहे ना. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत बाळ त्यात झोपलं. आत गेलो तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यात आधी काय केलं तर त्याला गाडीतून उचलून माझ्या हातात दिलं. त्याची हनुवटी छातीला टेकलेली होती. मला ते शांत झोपलंय असं वाटत होतं!

त्यांनी समजावून सांगितलं ते मी विसरणार नाही. बाळानं अजून मान धरलेली नाही, डोकं अंगाच्या मानानं जड असतं, पाठ जरा जरी उभी राहिली की डोकं पुढं पडतं आणि हनुवटी छातीला टेकली की श्वासाची नळी दबते. एवढ्या लहान बाळाला त्यावेळी मान सरळही करता येत नाही आणि आवाजही करता येत नाही. म्हणून मान नीट धरून बसायला लागेपर्यंत, म्हणजे साधारण सहा महिने, पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच पाहिजे, नाहीतर गाडी नकोच. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी बाळाला खाली ठेवलं नाही.

ऑगस्टमध्ये कोल्हापूरला आल्यावर शोध सुरू झाला. सासूबाईंचा विरोध होता, आणि तो मनापासूनचा होता. त्या म्हणायच्या, "पोराला हातगाडीवर घालून फिरवायचं व्हय? मी घेतो की कडंवर. चार पोरं वाढीवली मी, कुठं होती गाडी?" मी काही बोलले नाही, कारण कडेवरची ऊब वेगळीच हे मलाही पटतंच, पण माझं सिझर झालेलं आणि त्यांचे गुडघे दुखायचे, आणि बाळाला संध्याकाळी बाहेरची हवा लागली की ते शांत झोपायचं हे दोघींनी बघितलेलं.

राजारामपुरी, शाहूपुरी, महाद्वार रोड, तीन रविवार फिरलो. लवलॅप, आर फॉर रॅबिट, चिको, नाव नसलेल्या सुद्धा, सगळ्या बघितल्या. जवळजवळ प्रत्येक खोक्यावर '० ते ३ वर्षे' छापलेलं. आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर एकच, हो वहिनी, झोपायची पोझिशन आहे की. मग मी पाठ पूर्ण मागं पाडायला लावायचे आणि मोबाईलमध्ये कोन मोजायचं ॲप असतं ते लावून फोन पाठीवर ठेवायचे. तीन पोझिशन असल्या म्हणजे तिसरी आडवी असतेच असं नाही, काही गाड्या दीडशे अंशातच थांबत होत्या, आणि मोठ्या माणसाला तेवढं आरामात टेकणं वाटलं तरी दीड-दोन महिन्याच्या बाळाला ते उतारावर बसवल्यासारखंच आहे. आणखी एक, पाठ आडवी झाली तरी मध्ये बुडाजवळ कापड झोळीसारखं खोल जातं का ते हातानं दाबून बघा, तसं असलं तर बाळ तिथं दुमडून बसतं आणि आडव्या पाठीचा काही उपयोग राहत नाही.

दुसऱ्या रविवारी नवऱ्यानं डोकं लावलं. त्याच्या चुलत्यांचं कागलकडं गुऱ्हाळ आहे, त्यामुळं घरात गेल्या हंगामातला दहा किलोचा रवा, म्हणजे गुळाची ढेप, होता, फडक्यात बांधलेला. वर्षाच्या मुलाचं वजन साधारण साडेनऊ किलो असतं, म्हणजे रवा म्हणजे आपलं वर्षाचं पोरगं, असं म्हणून तो पिशवीत घालून दुकानात नेला. दुकानदार म्हणाले, "वहिनी, गूळ कशाला आणलासा?" सांगितल्यावर त्यांनी स्वतः गाडी बाहेर रस्त्यावर काढून दिली, भला माणूस.

आणि खरा फरक तिथंच कळला. दुकानातल्या फरशीवर रिकामी गाडी बोटानं ढकलली तरी पळते, सगळ्याच पळतात. रवा ठेवून दुकानासमोरच्या रस्त्यावर आणली तर छोट्या जोडचाकांची गाडी गटारीच्या जाळीत रुतली, खडीवर तर पुढची चाकं गरगर फिरून आडवीच व्हायला लागली आणि फूटपाथवर चढवताना हँडल दाबलं तर पुढचा भाग उचलेचना. आपल्याकडं रस्ता म्हणजे स्पीडब्रेकर, चेंबरचं झाकण आणि मध्येच संपणारा फूटपाथ, त्याला मोठी चाकं लागतात, त्यातही मागची जरा जास्त मोठी, आणि चाकाला स्प्रिंग पाहिजेच. हवेचं चाक सगळ्यात मऊ चालतं पण पंक्चर काढत कोण बसणार, म्हणून आम्ही फोमचं भरीव चाक घेतलं, प्लॅस्टिकपेक्षा खूप बरं. पुढची चाकं सरळ लॉक होतात का तेही बघा, खराब रस्त्याला लॉक केली की गाडी सरळ जाते.

हँडलबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथं मीच फसणार होते. लहान बाळाचं तोंड आपल्याकडं पाहिजे, ते दिसत राहिलं की जीव शांत राहतो, आणि मोठं झालं की त्याला पुढचं बघायचं असतं. त्यासाठी दोन प्रकार आहेत. एकात हँडलच उचलून पलीकडं टाकता येतं, दुसऱ्यात अख्खं सीट काढून उलटं बसवता येतं. पहिला प्रकार स्वस्त आणि सोपा वाटतो, पण हँडल पलटलं की फिरणारी चाकं आपल्या बाजूला येतात आणि न फिरणारी पुढं जातात, मग वळवताना सगळी गाडी अंगानं ढकलावी लागते. गुळाचा रवा ठेवून वळवून बघितलं नसतं तर मला हे कळलंच नसतं. आम्ही सीट उलटं होणारी घेतली, पैसे जास्त गेले. नवरा उंच आणि मी पाच फूट एक इंच, म्हणून हँडल खालीवर होतं का हेही बघितलं.

जावेची तीन वर्षांची मुलगीही एकदा सोबत नेली. तिला बसवल्यावर दोन गाड्यांत तिचं डोकं वरच्या छताला टेकलं आणि पाय पुढच्या दांडीवर आपटत होते, आणि खोक्यावर तर तीन वर्षं लिहिलेलं. वजनाची मर्यादा सगळे बघतात, पण पाठीची उंची वजनाच्या आधी संपते. वजनाचं म्हणाल तर युरोपियन मानकात, ईएन १८८८ म्हणतात, त्यात पहिला भाग १५ किलोपर्यंतच्या मुलांसाठी आणि दुसरा त्यापुढं २२ किलोपर्यंत. तीन वर्षाच्या मुलाचं वजन सरासरी १४ किलोच्या आसपास असतं, म्हणजे १५ ची गाडी तीन वर्षाला अगदी काठावर येते. आमच्या घरात सगळी अंगानं दणकट, म्हणून आम्ही २२ ची घेतली.

पट्टा पाच ठिकाणी अडकणाराच घ्या, दोन खांद्यावर, दोन कमरेला, एक पायांच्या मध्ये. फक्त कमरेचा पट्टा असला की पोरगं सात-आठ महिन्याचं झालं की त्यातून उभं राहतं. खांद्याचे पट्टे दोन-तीन उंचीवर बदलता येतात का हे तिथंच काढून बघा.

शेवटी साडेअकरा हजाराची घेतली, चार-साडेचार हजाराच्याही होत्या. वजन साडेनऊ किलो. एवढी जड गाडी दोन मजले चढवायची नाही हे आधीच ठरवलेलं, खाली जिन्याखाली सायकलच्या साखळीनं बांधून ठेवायची आणि बाळ तेवढं वर न्यायचं, त्यासाठी खालच्या भाडेकरू काकांना आधी विचारून घेतलं. पायऱ्या असतील आणि खाली जागा नसेल तर मात्र हलकीच बघावी लागेल, तेव्हा मोठ्या चाकांवर थोडं पाणी सोडा. कारची डिकी जमत नाही म्हणून मागच्या सीटसमोर उभी राहील एवढीच घडी पाहिजे होती, ती टेप लावून मोजून घेतली.

पाच महिन्यानंतर काय झालं तर सासूबाईच रोज संध्याकाळी तयार होऊन बसायला लागल्या. पोरगं अंगानं भरलं, कडेवर घेऊन जिना उतरला की त्यांचा गुडघा बोलायचा, आणि गाडीत घातलं की रंकाळ्याला दोन तास निघायचे. तिथं त्यांच्या वयाच्या चार-पाच जणी जमायच्या. "लई सोयीची हाय बघ," असं त्या मला नाही, त्यांच्या मैत्रिणीला सांगत होत्या, मी मागून ऐकलं. मला फार बरं वाटलं.

चुका माझ्याही झाल्या. कपिलतीर्थ मंडईत भाजीची पिशवी हँडलला अडकवली, बाळ रडायला लागलं म्हणून उचललं आणि गाडी धाडकन मागं उलटली. बाळ माझ्या हातात होतं, नाहीतर आज हे लिहिताना हात थरथरला असता. त्या दिवसापासून जड सामान फक्त खालच्या टोपलीत. दुसरी चूक एप्रिलमधली, ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी टाकली. पाच मिनिटांनी आत हात घातला तर नुसती भट्टी! पातळ कापड असलं तरी आत हवा कोंडते आणि तापते, त्यामुळं उन्हात निघायचंच नाही, निघालं तर छत पुढं ओढायचं आणि बाजू उघड्या ठेवायच्या. पावसाचं प्लॅस्टिक कव्हर घेतलं ते जाळीची खिडकी असलेलं, आपल्याकडं जून ते सप्टेंबर त्याशिवाय बाहेर पडताच येत नाही. आणि सीटचं कापड चेन लावून निघणारं असू दे, नाचणी सत्त्व एकदा सांडलं की वास जात नाही, आणि आमच्या गॅलरीत पावसाळ्यात ते वाळायला तीन दिवस लागायचे.

सगळीकडं गाडी चालत नाही. अंबाबाईच्या देवळात गर्दीत कडेवरच, जोतिबाला पायऱ्यांमुळं कडेवरच. विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये मात्र गाडी अशी पळायची की काय सांगू.

दीड वर्षाचा झाल्यावर त्याला बसायचं नसायचं, स्वतः ढकलायची असायची, तेव्हा वाटलं की संपलं आता. पण खरा उपयोग त्यानंतर झाला. जाताना चालायचा, येताना दमायचा, आणि लग्नाच्या कार्यालयात दुपारी दोन वाजता त्याचे डोळे मिटायला लागले की पाठ पूर्ण आडवी करून कोपऱ्यात पंख्याखाली झोपवायचा. पहिल्या सहा महिन्यांसाठी घेतलेली ती आडवी पाठ अडीच वर्षाच्या पोराला झोपेला पुरली. पन्हाळ्याला गेलो तेव्हा पण परतीला गाडीतच झोपलेला, तीन दरवाज्याजवळच्या दगडांवर मात्र आम्ही दोघांनी दोन बाजूंनी उचलून नेली.

जावेकडं देताना चाकांच्या दांड्यात अडकलेले केस आणि दोरे काढले, स्क्रू आवळले, सीटचं कापड धुतलं. ब्रेक लावून आमच्या गल्लीच्या उतारावर रवा ठेवून बघितलं, यंदाचा नवा, चाक हललं नाही. बकलचं एक बटण घट्ट झालेलं, कोमट पाण्यात भिजवून ब्रशनं घासल्यावर सुटलं. खांद्याचे पट्टे सगळ्यात खालच्या खाचेत आणून ठेवलेत आणि पाठ आडवी करूनच पाठवली, कारण त्यांचं बाळ वीस दिवसांचं आहे.