गुलाबी लिंबूपाण्याचा रंग येतो कुठून?

उन्हाळा तापू लागला की परभणीत हल्ली एखाद्या दुकानावर ‘पिंक लेमोनेड’ची पाटी झळकते, मात्र त्या पेल्यातला गुलाबी रंग लिंबाचा नसतो. मूळच्या अमेरिकी पेयात तो द्राक्षाच्या किंवा क्रॅनबेरीच्या रसाने आणतात, नाहीतर ‘अल्युरा रेड’सारखा कृत्रिम रंग घालतात, चव बहुतेक वेळा साध्या लिंबू-साखरेचीच राहते.

आपल्याकडे यासाठी अंबाडीच्या बोंडांना तोड नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. हिवाळ्यात सोलून वाळवलेल्या त्यांच्या लालभडक पाकळ्या कोमट पाण्यात भिजवल्या की पाणी गर्द तांबडे होते, आणि त्यातले अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात लाल, तर खाण्याच्या सोड्याने निळसर होत असल्यामुळे लिंबू पिळताच रंग अधिक खुलतो. शिवाय बोंडे मुळातच आंबट, त्यामुळे लिंबू कमी लागते. बीटचा रंगही लिंबात टिकतो, पण किस जरा जास्त पडला की मातीचा वास येतो आणि पाहुणे पेला अर्धा ठेवून उठतात. डाळिंबाचा रस चवीला उत्तम. मात्र मिक्सरमध्ये बिया भरडल्या जाऊन कडवटपणा उतरतो, म्हणून दाणे फडक्यात बांधून हातानेच पिळावेत.