नुसती पानंच

काकू काल जिना उतरता उतरता म्हणाल्या, "एवढं पाणी घालतेस, पण नुसती पानंच आहेत की!" खोच नव्हती त्यात. तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना.

आवारातल्या जांभळाखालचा, मी पाणी घालते तो जमिनीचा तुकडा आधी कसा होता, हे सगळ्यांनी पाहिलंय. लॉन पिवळं पडून गेलं. मग वेडेलिया आणला, जमिनीवर पसरणारा शोभेचा वेल. तो मूळचा अमेरिकेकडचा, उन्हात माजतो. इथे नुसत्या काड्या उरल्या. तिथे पेव्हर ब्लॉक घालायचा विषय निघाला तेव्हा मी पिंपळी, ती औषधी वेल, लावली. पश्चिम घाटातल्या सदाहरित रानात ती मोठ्या झाडांच्या सावलीतच जमिनीवर पसरते. पुण्याचा उन्हाळा मात्र तिला कोरडा पडतो. म्हणून ते पाणी, आणि म्हणून झाडलोट करणाऱ्या मामांच्या मागे लागणं, की जांभळाचा पाला झाडून नेऊ नका, तिच्या बुडाशीच राहू द्या.

आज सकाळी मुद्दाम उकिडवी बसून पाहिलं. वेल जमिनीला टेकली तिथे पेरापेराला पांढरी मुळं फुटलीत. एक पेर तर विटेच्या कडेलाच चिकटून बसलंय. खालची पानं लांब देठाची, रुंद. शेंड्याकडची जवळजवळ बिनदेठाची, खोडाला बिलगलेली. आणि पानांआड तुतीसारखी आखूड हिरवी कणसं उभी! पिंपळीत नर-मादी वेली वेगळ्या असतात, ही मादी निघाली. हीच कणसं हिरवट काळी झाली की तोडून वाळवतात, सुंठ-मिऱ्यांबरोबर त्रिकटू या आयुर्वेदिक चूर्णात घालतात. आईला दाखवायचं राहिलं.

पण काकूंचं बोलणं मला एवढं का लागलं? बारा महिने हिरवं राहायचं, माती धरून ठेवायची, हे कुणाच्या लेखी कामच नाही. फूल आलं तरच दखल. घरातही तेच... जाऊ दे.

दुपारी जरा शांत झाल्यावर वाटलं, काकूंना फुलं हवीशी वाटली तर त्यात गैर काय? हल्ली त्यांची पूजेची परडी रिकामीच दिसते. फाटकाजवळ सकाळचं ऊन येतं, तिथे अबोली छान होईल. त्यांनाच विचारते, कुठल्या रंगाची हवी. जांभळाखाली मात्र पिंपळीच राहील. पाऊस लागला की तीन-चार पेरांचे तुकडे काढून पंपाच्या खोलीमागेही लावायचेत. तिथेही ऊन पोचत नाही.