ओटमील स्टाउटला गुण देताना

ओटमील स्टाउट, म्हणजे ओट घातलेली काळी बीअर, फ्रिजमधून काढल्या काढल्या तिच्याबद्दल बोलू नये, असं माझं ठाम मत झालं आहे. सोलापुरात हे पाळणं सोपं नाही. एप्रिलमध्ये रात्री दहालासुद्धा घराच्या भिंती गरम लागतात आणि बीअर म्हणजे दात शिवशिवतील इतकी गार, हीच इथली मागणी. हलक्या लागरला, म्हणजे नेहमीच्या पिवळ्या बीअरला, ते चालतं. स्टाउट मात्र चार-पाच अंशांवर काही सांगतच नाही. वास येत नाही, गोडवा दबतो, नुसता जळका कडवटपणा जिभेवर राहतो. ती उमगते १० ते १३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान.

मित्राचा भाऊ इंग्लंडहून येताना दोन बाटल्या घेऊन आला होता. नाव बघून गुण पडायला नकोत म्हणून त्यानेच लेबलांवर वर्तमानपत्र चिकटवून दिलं. गुणपत्रिका वापरली अमेरिकेतल्या बीअर जज सर्टिफिकेशन प्रोग्रॅमची. १९८५ साली सुरू झालेला हा कार्यक्रम, आणि घरगुती बीअरच्या स्पर्धांमध्ये त्याचीच पद्धत सर्रास चालते. एकूण गुण ५०. वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडात जाणवणाऱ्या पोताला ५ आणि एकंदर परिणामाला १०.

पोताला फक्त ५ गुण, हे ओटमील स्टाउटच्या बाबतीत मला खटकतं. ओट घालायचे ते मुख्यतः पोतासाठीच. ओटमध्ये बीटा-ग्लुकन नावाचा चिकट तंतू असतो, प्रथिनं असतात, स्निग्धांशही इतर धान्यांपेक्षा जास्त. धान्याच्या मिश्रणात साधारण ५ ते २० टक्के ओट पडले की बीअरला मऊ, भरीव अंग येतं. फार वाढवले तर भिजवलेलं धान्य इतकं चिकट होतं की त्यातून रस गाळणं मुश्किल. ज्वारीची आंबील घशाखाली जशी न अडखळता उतरते, तसा घोट उतरला पाहिजे, ही माझी कसोटी. या कसोटीला इतिहासाचाही आधार आहे. १९०० च्या आसपास ब्रिटनमध्ये ही बीअर आजारी, अशक्त माणसाला ताकद देणारी म्हणून खपवली जायची. पुढे काही इंग्रज ब्रुअरी नेहमीच्याच स्टाउटमध्ये मूठभर ओट टाकून तेच नाव लावू लागल्या. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर हा प्रकार जवळपास नाहीसाच झाला होता. १९८० मध्ये यॉर्कशायरमधल्या टॅडकॅस्टरच्या सॅम्युअल स्मिथ ब्रुअरीने तो परत काढला आणि मग अमेरिकेतल्या छोट्या ब्रुअरींनीही उचलला. म्हणून मी म्हणतो, ओट लेबलावर असून भागत नाही, तोंडात कळले पाहिजेत.

तयारीत सगळ्यात जास्त वेळ नाकासाठी दिला. या बीअरचा काळा रंग आणि कॉफीसारखा वास बराचसा भाजलेल्या बार्लीतून येतो. म्हणून किराणा दुकानातून जव, म्हणजे बार्लीच, आणून तव्यावर पार काळे होईपर्यंत भाजले. एका वाटीत ते, दुसरीत हलके भाजलेले ओट, बाकीच्यांत चिकोरी नसलेली कॉफी, कोको आणि काळा गूळ. आळीपाळीने हुंगत बसलो. नाकाला अशी ओळख करून दिली नाही तर कागदावर 'छान वास' यापलीकडे काही उतरत नाही. ग्लास साबणाने धुऊन, खळखळून, तसेच उपडे ठेवले. फडक्याने पुसले नाहीत, कारण तेलाचा किंचित अंश लागला तरी फेस बसतो. संध्याकाळी शेंगाचटणी, लसूण, सगळं बंद. दोन घोटांमध्ये तोंड साफ करायला पाणी आणि ज्वारीची कडक भाकरी ठेवली. मीठ नाही, तेल नाही, स्वतःची चव बेताची. स्पर्धांमध्ये साधे क्रॅकर देतात, त्यापेक्षा मला आपली कडक भाकरी सरस वाटली.

ओतली तेव्हा थर्मामीटर ६ अंश दाखवत होता. फेस गडद बदामी, बारीक बुडबुड्यांचा, टिकून राहिलेला. ग्लास दिव्यासमोर धरल्यावर काठाशी माणकासारखी लाल झाक. दिसण्याचे ३ पैकी ३, इथे घासाघीस करण्यासारखं काही नव्हतं.

पुढची काही मिनिटं नुसती वाट बघायची होती. मित्र वैतागला. "किती वेळ वासच घ्यायलास बे, पी की आता." मी त्याला थर्मामीटर दाखवला. आठच्या पुढे कॉफी आली, दहाच्या आसपास कोको, आणि मग भाजलेल्या ओटचा खमंग, बिस्किटासारखा वास. तळाशी थोडा काळा गूळही. त्याच वेळी ओल्या पुठ्ठ्याचा पुसटसा वासही वर आला. बाटली जुनी झाली किंवा उष्णतेत राहिली की ऑक्सिजनमुळे तो येतो. गार असताना तो लपला होता. लोण्याचा, उकडलेल्या मक्याचा किंवा हिरव्या सफरचंदाचा वास, जे बीअर बनवताना काही बिघडल्यावर येतात, ते शोधूनही सापडले नाहीत. वासाला मी ९ दिले.

चवीवर आमचं वाजलं. सुरुवातीला गोडसर, मग कॉफी, शेवटी कोरडा कडवटपणा. मी १३ दिले, पोताला ४, एकंदरीला ६. माझी बेरीज ३५, त्याची ३०. त्याचं म्हणणं, शेवटी जे राहतं तो कडवटपणा नव्हे, तुरटपणा आहे, आणि तो दोष आहे. हा फरक खरंच महत्त्वाचा. भाजलेल्या धान्याचा किंवा हॉप्सचा (बीअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडवटपणा जिभेवर लागतो आणि हळूहळू ओसरतो. तुरटपणा ही चव नसून स्पर्श आहे, तो हिरड्या आणि गालांची आतली बाजू आवळून धरतो.

भाकरीचा तुकडा, पाणी, पुन्हा घोट. तेरा अंशांवर गोडवा पूर्ण उघडला होता, तरी गिळल्यावर हिरड्यांवर ओढ जाणवत राहिली. मी पोताचा एक आणि चवीचा एक गुण कमी केला. गार ग्लासातून त्याने वासाला कमी दिले होते, ते दोनाने वाढवले. ३३ आणि ३२. त्या पत्रिकेत ३० ते ३७ म्हणजे 'खूप चांगली'. अंतर एवढंच उरल्यावर आम्ही ते ओढूनताणून मिटवलं नाही.

ही पत्रिका बनवणाऱ्याला उपयोगी पडावी म्हणून भरायची असते, त्यामुळे शेरा आम्ही मिळून लिहिला: ओटचा मऊपणा पहिल्या घोटापासून जाणवतो, तो कायम ठेवा. भाजलेली बार्ली थोडी कमी करा किंवा उशिरा घाला, तुरटपणा घटेल. बाटलीत भरताना ऑक्सिजन आत जाणार नाही हे बघा. त्यानंतर मित्राने वर्तमानपत्र फाडलं आणि दुसरी बाटली १२ अंश होण्यासाठी बाहेर काढून ठेवली.