आधी किलो, मग रुपये

१ नोव्हेंबर २०२५, शनिवार

ऑक्टोबरचा हिशेब सकाळीच लावून टाकला. दिवाळीचा महिना असूनही किराणा नऊ हजारांच्या आत बसला. दूध, भाजी आणि गॅस यात धरलेले नाहीत, त्यांची पानं वेगळी आहेत. फराळाचं सामानही यात नाही. ते का, हे पुढे लिहिते. हा आकडा कसा ठरत गेला ते आज नीट लिहून ठेवावंसं वाटलं, म्हणजे उद्या भाव वरखाली झाले तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायला नको.

‘महिन्याला इतक्या रुपयांत भागवायचं’ असं नुसतं ठरवून ते पाळता येत नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. भाव आपल्या हातात नसतो. आपल्या हातात असतो तो खप. घरात महिन्याला काय किती लागतं हे किलोत ठाऊक असलं तर रुपयांचा अंदाज आपोआप येतो, आणि कुठे घसरतंय तेही लगेच कळतं.

तूरडाळीचंच घ्या. २०२४ मध्ये ती किलोला १६० ते १८० रुपयांच्या घरात होती. यंदा १२०च्या आसपास मिळाली. आमच्या चौघांच्या घरात वरण-आमटीला महिन्याला दोन किलो लागते, तेव्हाही लागायची आणि आताही लागते. वहीत फक्त रुपये लिहिले असते तर गेल्या वर्षी आम्ही उधळे ठरलो असतो आणि यंदा काटकसरी. दोन्ही खोटं. उलट यंदा डाळीत जे शे-सव्वाशे वाचतात ते कुठे जातात, याच्यावर डोळा ठेवावा लागतो, कारण असे सुटे झालेले पैसे फरसाणाच्या वाटेने कधी निघून जातात ते समजतही नाही.

खप काढायची माझी रीत साधी आहे. डबा भरला की झाकणाच्या आतल्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावायची आणि त्यावर तारीख व वजन लिहायचं: ‘साखर, २ किलो, ४ ऑगस्ट’. डबा रिकामा झाला की ती पट्टी काढून थेट वहीत चिकटवायची आणि शेजारी संपल्याची तारीख टाकायची. झाकणाच्या बाहेर लावली तर हाताच्या तेलाने, पुसण्याने अक्षरं जातात. आतल्या बाजूची टिकते. दोन-तीन महिने असं केलं की घराचं खरं माप समोर येतं. आमचं असं निघालं: गहू बारा किलो, ज्वारी चार, तांदूळ पाच, साखर अडीच, चहा पाव-पाव किलोचे दोन पुडे, शेंगदाणे दीड किलो, पोहे एक किलो. शेंगदाण्यांचा आकडा पाहून हे म्हणाले, “एवढे खातो आपण?” खातो. कूट प्रत्येक भाजीत, कोशिंबिरीत, शिवाय उपासाची खिचडी. पट्टी खोटं सांगत नाही.

ही कल्पना माझी नाही, आईंची, म्हणजे सासूबाईंची. त्यांच्या ट्रंकेत ऐंशीच्या दशकातल्या हिशेबाच्या वह्या आहेत, लाल कापडी पुठ्ठ्याच्या. त्यात प्रत्येक ओळीत आधी वजन, मग जिन्नस आणि अगदी कडेला भाव. रेशनची साखर, रेशनचं पामतेल, रॉकेल यांच्या ओळी वेगळ्या शाईत. मी विचारलं, “आई, वजन आधी का लिहायचात?” तर म्हणाल्या, “पगार कळलेलाच असायचा गं. पोरांना महिनाभर पुरतंय का, ते बघायचं असायचं.”

त्याच वह्यांमध्ये मला दुसरी गोष्ट सापडली. ‘उन्हाळा’, ‘गणपती’ आणि ‘दिवाळी’ अशी तीन पानं महिन्यांच्या हिशेबापासून निराळी काढलेली असायची. घरखर्चाचं गणित बहुतेकांचं इथेच फिसकटतं, असं मला वाटतं. आपल्याकडचा किराणा महिन्याच्या मापात बसतच नाही. एप्रिल-मेमध्ये वर्षाचं तिखट, हळद, गोडा मसाला होतो. ब्याडगी मिरची रंगाला, लवंगी तिखटपणाला, धणे, खोबरं, दगडफूल, मग डंकावर कांडून आणायचं. मावळातला इंद्रायणी तांदूळ कुणी आणून दिला तर त्याचे पैसे एकरकमी जातात. श्रावणात साबुदाणा, भगर, राजगिरा दुप्पट. गणपतीत नारळ, गूळ, मोदकाची पिठी. दिवाळीत तूप, हरभराडाळ, पातळ पोहे, भाजणी. बारा महिन्यांपैकी निम्म्या महिन्यांना काहीतरी ‘यंदाचा महिना जरा वेगळा होता’ असं कारण असतंच. म्हणून मी या सगळ्याची वर्षाची बेरीज केली, ती तीस हजारांच्या आसपास आली, आणि आता दरमहा अडीच हजार निराळ्या खात्यात टाकते. फराळाचं सामान त्यातून आलं. ऑक्टोबर महिना शांतपणे पार पडला तो यामुळेच.

यंदा तुपाला थोडा हातभार सरकारकडूनही लागला. २२ सप्टेंबरपासून तूप-लोण्यावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, बिस्किटं आणि फरसाणही ५ टक्क्यांत आले. साबण, टूथपेस्ट, शाम्पू १८वरून ५वर. आमच्या वाण्याने प्रत्येक गिऱ्हाइकाला हे समजावून सांगितलं आणि जुना छापील भाव खोडून नवा लावला. सुट्या डाळी-धान्याला मुळात कर नाहीच. जुलै २०२२ पासून जो ५ टक्के लागतो तो २५ किलोपर्यंतच्या पाकीटबंद, छाप मारलेल्या मालाला. गव्हाचा तीस किलोचा कट्टा घेतला तर तो वाचतो. डाळ तर मी नेहमी सुटीच घेते, हातात घेऊन बघता येते, दाणा मोडलेला आहे का, पॉलिश केलेली आहे का, हे कळतं.

तेलाबद्दल मात्र सविस्तर लिहायलाच हवं, कारण घराचा हिशेब सगळ्यात जास्त तेच हलवतं. आपण देशात लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून अधिक बाहेरून आणतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेल कडाडलं. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं आयात शुल्क साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के झालं, तेही ऐन सणात. सोयाबीन पिकवणाऱ्या आपल्या लातूर-विदर्भातल्या शेतकऱ्याला चार पैसे मिळावेत म्हणून ते केलं होतं, त्यामुळे मला त्याचा राग नाही. या मे महिन्यात ते साडेसोळावर आणलं. हे सगळं माझ्या कढईपासून फार लांब घडतं आणि तरी थेट कढईत येऊन पडतं. त्यावर मी करू शकते ते एकच: चौघांना महिन्याला किती तेल, ते ठरवणं. माणशी अर्धा लिटर म्हणजे दोन लिटर असं डॉक्टर सांगतात. आम्ही साडेतीनवर होतो, आता अडीचवर आहोत. तळण आठवड्यातून एकदाच, आणि फोडणीला पळीऐवजी पोह्याचा चमचा. एवढ्यानेच फरक पडला.

आणि पाकीट घेताना वजन वाचायचं. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, हे गणित पूर्वी सगळ्या पाकिटांना लागू असे. आता शेजारी शेजारी ठेवलेल्या, दिसायला सारख्याच पाकिटांत एक ९१० ग्रॅमचं असतं आणि दुसरं साडेआठशेच्या आत. डब्याचंही तेच, पंधरा लिटरचा डबा आणि पंधरा किलोचा डबा यांत सव्वा किलोहून अधिक फरक आहे. हल्ली पाकिटावर एका ग्रॅमची किंवा एका मिलिलिटरची किंमत बारीक अक्षरांत छापलेली असते. ती वाचायची सवय लेकीला लावली आहे, माझ्यापेक्षा तिची नजर चांगली.

केंद्राच्या २०२२-२३ च्या घरखर्चाच्या पाहणीत वाचलं होतं की शहरातल्या घरांचा खाण्यापिण्यावरचा खर्च एकूण खर्चाच्या ३९.१७ टक्के आहे, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा पेयं आणि तयार खाद्यपदार्थांचा, एकूण खर्चाच्या १०.६४ टक्के. धान्य, डाळी त्याच्या कितीतरी मागे. आमची वही पडताळून पाहिली तर तेच. गहू-तांदूळ-ज्वारी-डाळी मिळून जेवढे होतात, जवळपास तेवढेच खारी, टोस्ट, वेफर्स, नूडल्स, सॉस, सरबतं आणि चीजला जात होते. म्हणून कात्री लावायची झाली तर इथेच लावायची, हे नक्की केलं. डाळ, दूध, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी यांना हात लावायचा नाही. माहेरी मी पाहिलंय, महिनाअखेर ओढाताण झाली की घरातली बाई सगळ्यांत आधी स्वतःचं दूध बंद करते आणि कुणाला कळूही देत नाही. माझ्या घरात ते होऊ द्यायचं नाही. लेकीचं हिमोग्लोबिन मध्यंतरी कमी निघालं, तेव्हापासून खजूर, गूळ-शेंगदाणे आणि हळीव यादीत कायमचे आले आहेत. त्यांच्यामुळे हिशेब वाढला तर वाढू दे.

यादी आता पहिल्या तारखेला एकदाच जाते, वाण्याकडे, कागदावर लिहून. तो सामान काढून देतो आणि त्याच कागदावर भाव टाकून देतो, तोच कागद वहीत. मॉलमध्ये काही वस्तू स्वस्त पडतात हे खरं आहे, साबण-पावडर मी तिथूनच आणते, तीन महिन्यांची. पण दहा मिनिटांत घरी येणाऱ्या ॲपवरून किराणा मागवायचा नाही, असं आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं. कोथिंबिरीची जुडी मागवायला जावं तर घरपोच आणायचे पैसे माफ व्हावेत म्हणून आणखी दीडशेचं काहीबाही घेतलं जातं, आणि ते ‘काहीबाही’ म्हणजे नेमकं वर लिहिलेलं खारी-वेफर्स खातं.

आजच्या यादीत साबुदाणा, भगर आहे. उद्या कार्तिकी, आईंची भागवत एकादशी. मग चातुर्मास संपला की त्यांचं कांदा-लसूण-वांगं पुन्हा सुरू होईल आणि महिन्याचा कांदा तीन किलोवरून पाचवर जाईल. नोव्हेंबरच्या भाजीच्या पानावर ते आधीच लिहून ठेवलं आहे.

एकाच गोष्टीचं अजून ठरत नाही. एप्रिलमध्ये गहू वर्षाचा भरायचा का? बारा किलोप्रमाणे जवळजवळ दीड क्विंटल होतो. जागा गॅलरीतल्या दोन पिंपांपुरतीच आहे, आणि ऊन दाखवायला गच्ची मिळाली तरी पोती वर चढवणं आता यांच्या पाठीला झेपणार नाही. शिवाय जूनमध्ये लेक पुढच्या शिक्षणाला बाहेरगावी जायची आहे. पोळ्या सगळ्यांत जास्त तिच्याच असतात, त्यामुळे खप आठ-नऊ किलोवर येईल असं वाटतं. जून ते ऑगस्ट पट्ट्या लावून बघायला हव्यात. तोवर लोकवनचा तीस किलोचा एकेक कट्टाच आणायचा, असं आजच्या पानाखाली लिहून ठेवलं.