मागाचा खड्डा आणि मेस्त्रींचं 'एक्स्ट्रा'

बेळगावच्या वडगावातलं आमचं घर जुनं, घरात माग चालायचा तेव्हाचं. यंदा मार्चमध्ये ठरवलं की पावसाच्या आधी मधल्या सोप्याची फरशी आणि बाथरूम करून घेऊया, दोनच तर कामं, मेस्त्री म्हणाले महिन्यात उरकतंय अक्का, आणि मी पण ते मानलं, हसू नका.

तिघांना बोलावून रेट विचारला होता. एकानं नुसत्या लेबरचा सांगितला, दुसऱ्यानं मटेरियलसकट, तिसऱ्यानं सोप्यात एक फेरी मारून सरळ आकडाच टाकला, आता यांची तुलना करायची कशी? स्क्वेअर फुटाचा रेट सगळे सांगतात पण त्यात जुनी फरशी उचलणं धरलंय का, स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायाशी लावायची पट्टी, रनिंग फुटानं वेगळी लावणार का, डबर, म्हणजे तोडफोडीचा राडा, कोण नेणार, हे आपण विचारल्याशिवाय कुणी तोंड उघडत नाही. आमच्या बोळात ट्रॅक्टर शिरत नाही, त्यामुळं सगळं डबर बुट्टी बुट्टीनं कोपऱ्यापर्यंत वाहायचं आणि त्याची मजुरी वेगळी, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं.

तिसऱ्या दिवशी खिडकीपाशी फरशी उचलली आणि कुदळ धसकन आत गेली. मेस्त्री म्हणाले, "अक्का, इथं पोकळ हाय की ओ." तर आतून सासूबाई निवांत म्हणतात, "तिथं मागाचा खड्डा होता की, मामंजी त्यात पाय सोडून विणायला बसायचे." आई, हे आधी सांगायचं नाही का! दरवर्षी तिथलीच फरशी खचायची आणि आम्ही फटीत व्हाइट सिमेंट भरत बसलो होतो. खड्ड्यात काय काय निघालं, राख, फुटकी कौलं, एक मडक्याचा गळा. माग काढल्यावर हाताला लागेल ते ढकलून वरून कोबा केलेला.

आता मेस्त्रींचा विचार असा की सगळा मुरूम एकदम ओतायचा, वरून पाणी मारलं की बसतोय. मी अडून बसले. अर्धा फुटाचा थर, पाणी, धुम्मसानं ठोकून घट्ट करायचा, मग पुढचा थर, असं केलं नाही तर वरचा तेवढा घट्ट होतो, खालचा पोकळच राहतो आणि दोन पावसात फरशी परत खाली. दोन दिवस जादा गेले. त्याचे पैसे कुणाचे? आमचेच, खरं सांगायचं तर, जमिनीखालचं त्या माणसाला कसं दिसणार. पण खड्डा भरून झाल्यावर आकडा सांगितला याचा मला राग आला. तेव्हापासून दोनशे पानी वही आणली. एक्स्ट्रा काहीही निघालं की आधी रेट, वहीत लिहायचा, दोघांची सही, मग घमेलं उचलायचं. मेस्त्री पहिल्यांदा हसले, नंतर स्वतःच वही मागायला लागले.

बाथरूमला वॉटरप्रूफिंग झाल्यावर टाइल्स लावायची घाई चालली होती, मी नाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायची जाळी असते ती जागा, बंद करून पाणी भरून ठेवायला लावलं, भिंतीवर पेन्सिलीची रेघ मारली आणि 48 तास कुणाला हात लावू दिला नाही. पाणी रेघेच्या दोन बोटं खाली! ट्रॅपच्या कडेनं झिरपत होतं. प्लंबर म्हणतो गवंड्यानं कड नीट भरली नाही, गवंडी म्हणतो पाइप हलतोय, शेवटी दोघांना एकाच वेळी समोर उभं केलं तेव्हा कुठं काम झालं. आणि प्लास्टरच्या आधी भिंतीतल्या पाइपांना मोजायची टेप लावून फोटो काढा ओ, गिझर बसवणारा ड्रिल घेऊन आला तेव्हा मला त्याचा उपयोग झाला.

माझी चूक पण सांगते. शनिवारी बटवडा, झालेल्या कामाएवढाच, असं ठरलेलं असताना गावची यात्रा आहे म्हणून मी मेस्त्रींना मोठी आगाऊ उचल दिली. अकरा दिवस माणूस गायब. फोन केला की "नाळी बरतीनरी", म्हणजे उद्या येतो, आमच्याशी एरवी मराठीत बोलणारा माणूस अडचण आली की बरोबर कन्नडवर जातो.

काम मे अखेरीस संपलं. बिलातले दहा टक्के मी अजून धरून ठेवलेत, नळाखाली पाणी साचतंय, ट्रॅपकडं उतार कमी पडलाय तेवढ्या चार टाइल्स उचलून परत लावायच्या आहेत. टाइल्सची एक पेटी जादा घेऊन ठेवलीय, त्याच बॅच नंबरची. मेस्त्री रविवारी येतो म्हणालेत, कुठल्या ते मी विचारलं नाही.